सरांच्या आवाजात

टेबलाला धक्का लागला तो तिच्याच कोपराचा. हातात फोन होता, नजर फोनवर होती आणि खिडकीशेजारच्या लांब टेबलावर काचेची उंच नळकांडी ओळीनं उभी होती. गेले काही दिवस त्यांतलं गढूळ पाणी हळूहळू निवळत आलं होतं. तळाशी गाळाचा बोटभर थर, त्यावर पिवळट पाणी आणि अगदी वर प्यावंसं वाटेल असं स्वच्छ. धक्का काही मोठा नव्हता. माणसाला लागला असता तर त्यानं मागं वळूनही पाहिलं नसतं. पण गाळ फार मानी असतो. तळाचा थर जरासा हलला, त्यातून धुरासारखी एक रेघ वर आली, मग दुसरी, आणि बघता बघता एकेका नळकांड्यातलं पाणी पुन्हा मळलं. आता हे सगळं ओतून, ढवळून, पुन्हा पहिल्यापासून. तिला स्वतःचा राग यायला हवा होता. तो आला नाही. रागवायलाही अंगात थोडं बळ लागतं, हे हल्ली तिच्या लक्षात आलं होतं.

फोनवर चिमणीचा निरोप होता. चिमणी गेल्या वर्षापर्यंत याच टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसायची आणि दिवसभर चिवचिवायची. म्हणून सगळा विभाग तिला चिमणीच म्हणायचा, सरसुद्धा. आता ती समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात होती, पूर्ण शिष्यवृत्तीवर, जिथं जायचं म्हणून ही तिसऱ्यांदा अर्ज करत होती. 'ताई, गंमत ऐक. आज इथल्या मॅडम मला म्हणाल्या, तुझ्या सरांचं पत्र वाचूनच आम्ही तुला घेतलं. ते सुट्टीत वीज गेल्यावर तू नळकांडी सांभाळलीस, ते वाचून आम्ही चाटच पडलो. मी आपलं हो हो म्हटलं. पण ताई, मी कधी गं सुट्टीत आले होते?' आणि पुढं हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे ते पिवळे चेहरे, एक नाही, ओळभर.

तिनं फोन पालथा ठेवला. चिमणी सुट्टीत कधीच आली नव्हती. चिमणी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच दुपारी पिशवी खांद्याला लावून गेली होती आणि उघडल्यावर दोन दिवस उशिरा आली होती. सुट्टीत आली होती ती स्वतः. तेव्हा सगळ्या इमारतीची वीज गेली होती, खोलीचं तापमान सारखं ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं आणि पहारेकऱ्यानं कुरकुरत कुलूप काढून दिलं होतं. घरून आणलेली पांघरुणं तिनं नळकांड्यांना गुंडाळली होती, आजारी पोरांना गुंडाळावीत तशी, आणि सबंध आठवडा दिवसाच्या उजेडात खुर्ची टाकून ती पाण्याची रेघ कुठवर उतरते ते टिपत बसली होती. त्यातलं एक पांघरूण आईचं होतं, तपकिरी चौकड्यांचं, एका कोपऱ्याला इस्त्रीनं पोळलेलं. त्या आठवड्यात कोणाशी फारसं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. पण तिच्या सगळ्या शिक्षणात खरोखर तिचं स्वतःचं असं काही असेल तर तो आठवडा होता. आणि तो तिनं चिमणीला देऊन टाकला होता. उसना नव्हे, देऊनच. पत्र लिहायला बसली तेव्हा चिमणीबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही सुचेना, म्हणून.

विभागातली रीत अशी होती, की शिफारसपत्र मागायला गेलेल्या मुलाला सर म्हणायचे, तूच लिहून आण, मी सही करतो. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सरांचेही सर तसंच म्हणत आले होते. मुलं बिचारी स्वतःबद्दल लिहायला बसायची आणि एकतर नटासारखं नटायची नाहीतर गुन्हेगारासारखं लाजायची. तिनं पहिल्यांदा एका मैत्रिणीचं पत्र दुरुस्त करून दिलं तेव्हा सरांनी ते चष्मा वर करून दोनदा वाचलं होतं. त्यात तिनं सुरुवातच अशी केली होती, की मी कौतुकाच्या बाबतीत कंजूष माणूस आहे. सरांना ते वाक्य एवढं आवडलं, की ते पुढं बैठकांतही म्हणू लागले, मी बुवा कौतुकाच्या बाबतीत कंजूष. त्यानंतर पत्र मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तिच्याकडे धाडायचे. जा, तिला माझा आवाज जमतो. आणि जमत होताच तिला. सरांच्या खुर्चीत मनातल्या मनात बसलं, की सगळं सोपं व्हायचं. लहान लहान वाक्यं, आधी जराशी शंका, मग एखादा प्रसंग आणि शेवटी नाइलाजानं दिल्यासारखी भरघोस स्तुती. समोरचा मुलगा कसाही असो, तिला त्याच्यात काहीतरी सापडायचं. नाही सापडलं तर ती स्वतःच्या पदरचं घालायची. अमक्याला तिची चिकाटी दिली, तमकीला तिचं पहिलं बरोबर आलेलं गणित दिलं. पोरं एकामागून एक विमानात बसली. आई म्हणायची, "झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून? तुझा तवा कधी चढणार?"

तिचा तवा दोनदा चढला होता आणि दोन्ही वेळा करपला होता. कारण स्वतःचं पत्र लिहायला बसली, की सरांच्या खुर्चीतून ती खाली घसरायची आणि तिथं लहानपणची ती बसायची, जिला बक्षीस मिळालं तरी पाहुण्यांसमोर सांगायचं नसतं असं शिकवलं होतं. मेहनती, नियमित, सहकार्यशील. वाचताना तिचं तिलाच वाटायचं, ही बाई आपल्याला कारकून म्हणून हवी, विद्यार्थिनी म्हणून कशाला? पत्राबरोबर एक तक्ता भरायचा असे. तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही व्यक्ती कुठं बसते, पहिल्या एका टक्क्यात, पाचात, दहात, पंचविसात. सगळ्यात शेवटी एक चौकोन, मत देण्याइतकी माहिती नाही. इतरांसाठी तिनं बेधडक एका टक्क्यावर खूण केली होती. एका टक्क्यात एवढी माणसं मावतात कशी, असं तिकडच्या कुणीतरी विचारायला हवं होतं. स्वतःच्या वेळी तिचा हात दहावर गेला. सरांच्या नावानं, सरांच्याच संगणकावर, सरांचाच परवलीचा शब्द घालून तिनं स्वतःला दहात बसवलं आणि वर तेही जरा जास्तच झालं, असं तिला वाटलं होतं.

यंदाचं शेवटचं होतं. पदवीला अमुक वर्षं उलटली, की त्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येत नाही. पुढल्या वर्षी तिची ती वर्षं उलटणार होती. शिष्यवृत्तीशिवाय जाणं म्हणजे विषयच नव्हता. बाकी सगळं जोडून झालं होतं, गुणपत्रकं, परीक्षेचे निकाल, मी का येऊ इच्छिते याचा दोन पानी खुलासा. इतक्यांदा लिहून आता तो खुलासा तिचा तिलाच पटेनासा झाला होता. आपण का जाऊ इच्छितो? पहिल्या वर्षी तिला नेमकं माहीत होतं. नदीच्या मुखाशी गाळ कसा बसतो हे मोजणारी खोलीएवढी टाकी तिकडे होती आणि त्या टाकीचं चित्र बघून तिला खरोखर भूक लागल्यासारखं झालं होतं. आता ती भूक आठवावी लागे. राहिलं होतं फक्त सरांचं पत्र, आज संध्याकाळपर्यंत. तिच्या पिशवीत तेही लिहून तयार होतं, दोन पानी. रविवारभर बसून तिनं ते लिहिलं होतं आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. पण त्यात एकही प्रसंग नव्हता. जे काही सांगण्यासारखं होतं ते आधीच, त्याच विद्यापीठाला, कुणाकुणाच्या नावावर पोचतं झालं होतं.

सकाळी निघताना आईनं विचारलं होतं, "सरांनी दिलं का पत्र?" "मीच दिलंय, आई." आई हसली नव्हती. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आयुष्यभर. डोक्याला ती पट्टी, कानावर ती गोल चकती, आणि इकडची तार तिकडं खुपसत दिवसभर थांबा, जोडते, थांबा, जोडते. अजूनही दारावरची घंटा वाजली, की थांबा म्हणते. लहानपणी ती आईच्या खात्यात जाऊन बसायची तेव्हा तिला वाटायचं, आईला जगातलं सगळं माहीत असणार, सगळ्यांची भांडणं, सगळ्यांची लग्नं. पण आई म्हणायची, फोन जोडून दिला की कान काढून घ्यायचा, हा तिथला पहिला नियम. ऐकायचं नाही. चकतीचा तो कान आता मंद झालाय. तिच्याशी बोलताना दुसऱ्या बाजूला बसावं लागतं.

सर पाय खुर्चीवर घेऊन संत्रं सोलत होते. टेबलावर कागदांचा ढीग आणि ढिगावर साली. ती आत आली तेव्हा त्यांनी वर न बघताच म्हटलं, "आणलंस? चढवून टाक. पासवर्ड तुला ठाऊक आहे."

"एकदा वाचता का, सर?"

"तुझं लिहिलेलं मी काय वाचायचं? आपला हात जगन्नाथ. यंदा जरा हात सैल सोडून लिहिलंस ना? दर वेळी स्वतःचं म्हटलं की आखडतेस."

ती पिशवीत हात घालून उभी राहिली. कागदाची कड बोटांना लागत होती. बाहेर काढायचा, यंत्रावर ठेवायचा, चढवायचा, निघायचं. एवढंच होतं. पण तिचा हात वर येईना. हट्ट म्हणून नव्हे. हट्टाला ती कधीच पारखी झाली होती. हात नुसता जड झाला होता, झोपेत होतो तसा. आणि मग आपणच काय म्हणतोय ते तिला ऐकू आलं, "सर, यंदा तुम्ही लिहाल का?"

"मी?" सरांनी फोड हातातच ठेवली. "अगं, मला कुठं जमतंय तसलं. इतकी वर्षं तूच…" मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाय खाली घेतले. तसे ते वाईट नव्हते. कुणी काही मागितलं, तर आधी टाळायचे आणि मग द्यायचे. "बरं. बस. सांग काय काय लिहायचं."

"तुम्हाला आठवेल ते."

सर वर पंख्याकडे पाहू लागले. पंखा फिरत होता. "नियमित आहेस तू," ते म्हणाले. "हो, सर." "कामाला कधी नाही म्हणत नाहीस." "हो." "अक्षर चांगलं आहे." मग ते पुन्हा पंख्याकडे पाहू लागले. तिला त्यांची दया आली. इतकी वर्षं आपण या माणसाच्या डोक्यात सगळ्यांना नेऊन बसवलं, एकेकाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः दारातच उभे राहिलो. आत जागा असेलच कशी? त्यांना काहीतरी हाताशी द्यावं म्हणून ती म्हणाली, "त्या मोठ्या सुट्टीत वीज गेली होती, सर. तेव्हा…"

"हां, ते!" सरांचा चेहरा एकदम खुलला. "ते चिमणीचं. काय पोरगी! दिसायला एवढीशी, पण घरची पांघरुणं आणून गुंडाळली तिनं नळकांड्यांना. आठवडाभर बसून होती. डोळ्यांसमोर आहे माझ्या. मी लिहिलंय की तिच्या पत्रात."

सर त्या सुट्टीत डोंगरावर होते. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर जे होतं ते तिनं लिहिलेलं होतं, आणि त्यातली पोरगी चिमणी होती. ती आठवायला गेली तर तिलाही क्षणभर तसंच दिसलं. खुर्चीवर मांडी घालून बसलेली चिमणी, मांडीवर वही, खिडकीतून पडलेला दुपारचा उजेड. दिसायला छानच होतं. ते तसंच राहू द्यावं. म्हणावं, हो सर, तिचंच ते, मी दुसरं सांगत होते. आणि पिशवीतला कागद काढावा. तिला इतकं दमल्यासारखं वाटत होतं, की खोटं बोलणंही खऱ्यापेक्षा हलकं वाटलं. पण त्या चित्रात पांघरूण नीट दिसेना. चिमणीच्या घरचं पांघरूण कसं असेल? तिला ते ठाऊक नव्हतं. तिला एकच पांघरूण ठाऊक होतं. पोळलेल्या कोपऱ्याचा वास सुद्धा तिला आला.

"ती मी होते, सर."

"काय?"

"सुट्टीत आले होते ती मी. पांघरुणं आमच्या घरची होती. तपकिरी चौकड्यांचं माझ्या आईचं."

"मग पत्रात…"

"पत्र मीच लिहिलं होतं ना."

सरांनी संत्र्याची फोड सालींवर ठेवून दिली. ते काही वेळ तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ती त्यांच्यासमोर येत जात होती, पण असं बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला ओशाळं वाटलं, केस नीट नसल्यासारखं. "तिकडेच पाठवलंय ते?" त्यांनी हळूच विचारलं. "तिकडेच." "मग आता ते पुन्हा लिहिता यायचं नाही." "नाही, सर." "वेडी आहेस का गं तू?" ते म्हणाले. पण आवाज रागाचा नव्हता. आणि तो पत्रातलाही नव्हता. "जा. बाहेर बस. दार ओढून घे."

ती टेबलाशी येऊन बसली. बसून काय करायचं म्हणून एकेक नळकांडं उचललं, तळव्यानं तोंड झाकलं, उलटंसुलटं करून पुन्हा ठेवलं. पाणी सगळं एकसारखं गढूळ झालं, आता कुठं काही नव्हतं, ना तळ ना वर. दारापलीकडून कळा दाबल्याचा आवाज येत होता. सर दोन बोटांनी लिहितात. टक, टक, आणि मग नुसतंच थांबणं. एवढा वेळ थांबत होते, की तिला वाटायचं, झोपले. मग पुन्हा टक. ती प्रत्येक टक मोजू लागली. दुसऱ्यांच्या पत्रांच्या वेळी तिला असं कधी करावं लागलं नव्हतं. ती पत्रं तिला शब्दाशब्दानं पाठ असायची, कोणतं वाक्य कुठं जाऊन लागणार हे ठाऊक असायचं. आता आत बसून कोणीतरी तिच्याबद्दल काहीतरी लिहीत होतं आणि त्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. लहान पत्र म्हणजे बुडालेलं पत्र, हे तिनंच पोरांना शिकवलं होतं. दोन पानांखाली जाऊ नका रे, तिकडे वाटतं, यांच्याजवळ सांगायलाच काही नाही. टक. थांबणं. टक, टक.

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर वर्गात न्यायची पिशवी होती. "झालं. ते चौकोनही भरलेत. फाईल तेवढी जोडायची राहिली, ते मला काही साधेना. जोडून दे." दोन पावलं गेले आणि वळले. "छोटंसंच झालंय. मला तुझ्यासारखं येत नाही." आणि ते जिना उतरून वर्गावर निघून गेले.

खोलीत संत्र्याचा वास होता. पडद्यावर फाईल होती, नाव नसलेली, जशी यंत्र आपोआप ठेवतं तशी. बाजूला आकार दिसत होता. तिनं इतक्या फाइली जोडल्या होत्या, की आकारावरून तिला कळलं, चार ओळी असतील, फार तर पाच. तिच्या पिशवीत दोन पानं होती. सर वर्गावर होते, परतायला अवकाश होता, आणि परतले तरी त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं नसतं. फार काही नाही, उघडून नुसतं बघायचं. एखादं वाक्य लंगडत असेल तर धरायचं. शेवटी थोडी भरघोस स्तुती, नाइलाजानं दिल्यासारखी. त्यात फसवणूक कसली, एवढं तर ती प्रत्येकासाठी करत आली होती. तिचं बोट फाईलवर होतं. पडद्याच्या काचेत तिचा चेहरा पुसटसा दिसत होता, आणि तो तिच्यापेक्षा वयानं मोठ्या कुणाचा तरी वाटत होता. आपण उघडून पाहिलं तर हेही आपलंच होईल, असं तिला वाटलं. मग हेही आपण लिहिलेलं. ती फाईल न उघडता तिनं जोडली. यंत्रानं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. मिळालं, असं आलं. त्यानंतर उघडायची सोयच नव्हती. ती खुर्चीवर तशीच बसून राहिली आणि मग उठून सरांच्या साली कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. चिमणीच्या निरोपाला तिनं उत्तर लिहिलं, 'तू नव्हती आलीस. मी आले होते. मॅडमना सांगायची गरज नाही. जेवतेस ना वेळेवर?'

घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. आई गॅलरीत स्टुलावर बसून पलीकडच्या इमारतीला रंग देणारी माणसं बघत होती. रोज बघत होती, आणि आजवर तिच्या मते त्यांनी एकही भिंत सरळ रंगवली नव्हती. ती आईच्या चांगल्या कानाच्या बाजूला जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकून. भिंत गरम होती.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं. यंदा सरांनी स्वतः लिहिलं."

"अगं बाई! काय लिहिलं?"

"माहीत नाही. वाचलं नाही मी."

"तुझ्याच हातून गेलं ना?"

"हो. जोडलं आणि उठले." मग जरा थांबून ती म्हणाली, "चारच ओळी आहेत, आई. चार ओळींत कुणी घेत नाही."

 होईल गं, असं आई म्हणाली नाही. बरं झालं म्हणाली नाही ते. परांचीवरच्या रंगाऱ्यानं डबा खाली सोडला, खालच्यानं दोरी सोडवली. तिनं डोळे मिटून घेतले. जाणं होणार नाही, हे तिला आता जवळजवळ ठाऊक होतं, आणि ती रडायची वाट बघत होती, पण रडूही लवकर येईना. मग डोळे मिटूनच तिनं विचारलं, "आई, तू खरंच कधी ऐकलं नाहीस? जोडून दिल्यावर? इतक्या वर्षांत?"

"छे. नियम होता." आई रंगाऱ्यांकडेच बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे, कधीतरी. कान काढता काढता. लोक काही माझ्याबद्दल बोलणार नसायचे, ते कळायचं. पण वाटायचं."

"मग? बोललं कुणी?"

"एकदा. एक माणूस होता, पलीकडच्या बाईला म्हणाला, ही ऑपरेटर आज फार दमलेली वाटते गं. मग लगेच त्यांचं आपलं दुसरंच काही सुरू झालं. मी कान काढून घेतला."

"वाईट वाटलं तुला?"

"वाईट?" आई तिच्याकडे वळली. "सुटी होईपर्यंत रडत होते मी. जोडते, थांबा, जोडते, आणि डोळ्यांना पाणी. इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला."